फुगा आणि तिसरा अणू

शर्वीच्या घरात रबर टिकत नव्हतं.

पापडाच्या पुड्याला लावलेलं रबर तुटलं. कढीपत्त्याच्या जुडीचं तुटलं. आईने केसांना बांधायची नवीकोरी रबरं आरशाजवळच्या खुंटीला अडकवली, तर थोड्याच दिवसांत त्यांच्यावर बारीक भेगा दिसू लागल्या. एक रबर आईने ताणलं मात्र, टचकन तुटून तिच्या बोटाला लागलं.

"काऊन गं, रबरं चावतेस की काय?" आईने शर्वीला विचारलं.

"मी कशाला चावू? उंदीर असेल."

पण उंदराचे दात असे नसतात, हे शर्वीलाही ठाऊक होतं. भेगा अगदी शेजारी शेजारी, कंगव्याच्या दातांसारख्या एका ओळीत पडलेल्या होत्या.

ही गोष्ट आजची नाही. तुमची मुलं शाळेत जाऊ लागतील, त्या काळातली आहे. चंद्रपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणींच्या मुलखात एक गाव होतं. खाणी एकेक करून बंद झाल्या होत्या. वीजघराची धुरांडीही थंडावली होती. एकच उरलं होतं आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी तेही कायमचं विझणार होतं. पण वर्षानुवर्षं साचलेली काळी धूळ अजून वाऱ्यासरशी उठायची. कपडे बाहेर वाळत घातले तर पांढऱ्याचे राखाडी व्हायचे. म्हणून त्या गावातली घरं खिडक्या घट्ट लावून बसत आणि आतली हवा साफ करायला घरोघरी एक यंत्रमानव असे.

शर्वीच्या घरातल्या यंत्रमानवाचं नाव होतं फुंकर. बसक्या माठासारखा त्याचा आकार होता. खाली चाकं होती आणि पोटावर एक दिवा. हवेत धूळ जास्त असली की दिवा लाल व्हायचा, कमी झाली की हिरवा. हिरवा झाला की फुंकर समाधानाने सांगायचा, "घरातली हवा उत्तम आहे."

हे नाव आबाजींनी ठेवलं होतं. आबाजी म्हणजे शर्वीचे आजोबा, डॉक्टर प्रफुल्ल धोटे. ते औषधं देणारे डॉक्टर नव्हते. सगळं आयुष्य त्यांनी आभाळाचा अभ्यास करण्यात घालवलं होतं. वीज कशी पडते, गारा कशा होतात, वर वर जावं तशी हवा कशी बदलते, हे ते फुगे सोडून मोजायचे. आता ते थकले होते. एका जुन्या आजारात त्यांचं नाक गेलं होतं. म्हणजे नाक जागेवरच होतं, पण वास येत नव्हता. भाजी करपली तरी त्यांना शर्वीला विचारावं लागे, "बेटा, कशाचा धूर गं?" त्यात हिवाळा सुरू झाला की त्यांना खोकला लागायचा.

फुंकर घरी आला त्या दिवशी आबाजींनी त्याचं पोट उघडून शर्वीला दाखवलं होतं. आत केसासारख्या बारीक तारा होत्या आणि त्यांच्यामागे धातूच्या पातळ पाट्या उभ्या लावलेल्या होत्या.

"मला वाटलं, आत चाळणी असेल," शर्वी म्हणाली.

"काही यंत्रांत असते. दाट कागदाची चाळणी, त्यात धूळ अडकते. हा मात्र विजेने धूळ पकडतो." आबाजींनी आपला कंगवा काढला, डोक्यावर उरलेल्या चार केसांवर घासला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटले. "घासल्यावर कंगव्यावर विद्युतभार (वस्तूवर साठलेली वीज) आला. भार असलेली वस्तू हलक्या वस्तूंना ओढते. फुंकरच्या तारांवर विजेचा प्रचंड दाब असतो. धुळीचा कण तारेजवळून गेला की त्याला भार मिळतो. मागच्या पाट्यांवर उलटा भार असतो. उलटे भार एकमेकांना ओढतात. मग कण काय करील?"

"पाटीला जाऊन चिकटेल!"

"शाबास. आणि पाट्या धुळीने भरल्या की?"

शर्वीने थोडा विचार केला. "मग धुवायच्या."

"दर रविवारी. हे काम तुझं."

पहिले काही रविवार शर्वीने ते काम अगदी आवडीने केलं. पाट्यांवरून वाहणारं काळं पाणी बघून तिला आपण मोठा पराक्रम केल्यासारखं वाटे. पण नव्याचे नऊ दिवस. पाट्या काढा, धुवा, उन्हात वाळवा, पुन्हा बसवा, याचा तिला कंटाळा येऊ लागला. फुंकर आठवण करून द्यायचा, "पाट्या धुवायच्या आहेत." शर्वी म्हणायची, "उद्या." शेवटी एकदा तिने त्याची आठवण करून देणारी सूचनाच बंद करून टाकली. दिवा तर हिरवाच होता. हवा उत्तम आहे असं तो स्वतःच सांगत होता.

त्या हिवाळ्यात आबाजींच्या डोक्यात एकच विचार होता. शेवटचं धुरांडं विझण्याआधी त्यांना गावावरची हवा मोजायची होती, जमिनीपासून अगदी तीस किलोमीटर उंचीपर्यंत.

"विझल्यावर मोजली तर नाही का चालणार?" शर्वीने विचारलं.

"तीही मोजायची. पण आधीची ठाऊक नसेल तर नंतरची किती सुधारली हे कशावरून सांगणार? तू उंच झालीस हे कळायला मागच्या वर्षीची उंची माहीत लागते ना?"

त्यांच्याजवळ जुन्या पद्धतीचा एकच फुगा उरला होता, रबराचा. हवामानखात्याचे नवे फुगे वेगळ्याच पदार्थाचे होते आणि ते मिळवायचे तर आधी बरेच महिने मागणी नोंदवावी लागे. फुग्याखाली लटकवायचं यंत्र आबाजींनी स्वतः जुळवलं होतं. चहाच्या कपाएवढं ते यंत्र धूळ आणि वेगवेगळे वायू मोजायचं आणि आकडे रेडिओने खाली पाठवायचं. थरथरत्या बोटांनी ते बारीक तारा जोडत, तेव्हा शर्वी त्यांना भिंग धरून द्यायची.

"जुनं रबर थंडीत ताठरतं," असं सांगत आबाजींनी फुगा पाकिटातून काढला, त्याच्यावर पांढरी भुकटी लावली आणि आपल्या खोलीत दोरीवर चादरीसारखा टाकला. खोली उबदार होती. तिथे तो मऊ पडणार होता.

"शर्वे, एक लक्षात ठेव. फुगा आहे तोवर फुंकरला माझ्या खोलीत आणायचं नाही."

"का?"

आबाजी यंत्रातल्या एका तारेशी झगडत होते. "विजेची यंत्रं आणि रबर यांचं जमत नाही. उड्डाण होऊ दे, मग सविस्तर सांगतो."

शर्वीने मान डोलावली आणि फुंकरला बैठकीत ठेवलं.

पण आबाजींचा खोकला वाढत चालला. दुपारी जेवून ते आडवे झाले की झोपेतच खोकायचे. खोकता खोकता त्यांचं अंग गोळा व्हायचं. शर्वी दारात उभी राहून बघायची. तिला वाटायचं, खोलीत नक्की धूळ असणार. इथे साफ हवा नाही आणि ज्याने ती साफ करायची तो फुंकर तिकडे बैठकीत बसून आहे. विजेची यंत्रं आणि रबर यांचं जमत नाही म्हणजे काय? फुंकर काही फुग्याला हात लावणार नाही. त्याला हातच नाहीत.

एका दुपारी तिने फुंकरला अलगद ढकलत आबाजींच्या खोलीत नेलं, दोरीखाली उभं केलं आणि त्याचा वेग 'अतितीव्र'वर ठेवला. आत चट् चट् असा बारीक आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने एक वास पसरला. आभाळात वीज चमकून गेल्यावर येतो तसा तिखट, थंड, स्वच्छ वास. शर्वीला तो फार आवडला. हवा धुतली की असाच वास येत असेल, असं तिला वाटलं. आबाजी जागे व्हायच्या आत तिने फुंकरला बाहेर नेलं. आबाजींना वास आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी खोकला आणखी वाढला. म्हणून तिने फुंकरला आणखी जास्त वेळ आत ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त.

एकीकडे तिचा रबरांचा शोधही चालूच होता. ते कोडं तिला गप्प बसू देत नव्हतं. तिने एकाच पाकिटातली रबरं घेतली आणि सारखी ताणून स्वयंपाकघरात, बैठकीत, आबाजींच्या खोलीत आणि गच्चीवर अशी वेगवेगळ्या खिळ्यांना अडकवली. सगळ्यांत आधी आबाजींच्या खोलीतलं तुटलं. मग बैठकीतलं. शर्वीला आबाजींचं वाक्य आठवलं, जुनं रबर थंडीत ताठरतं. झालं, कोडं सुटलं! थंडीने रबरं तुटतात. आबाजींची खोली तर उबदार होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. उड्डाणानंतर आबाजींना आपला शोध सांगून चकित करायचं, असं तिने ठरवलं आणि गच्चीवरचं रबर बघायलासुद्धा ती गेली नाही.

उड्डाणाची सकाळ उजाडली. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात आई, आबाजी आणि शर्वी गेले. आईने त्या दिवशी कामावर उशिरा येते म्हणून कळवलं होतं. दूर शेवटचं धुरांडं सावकाश धूर सोडत होतं. नळकांड्यातून हलका वायू भरू लागला तसा फुगा जमिनीवरून उठला, टम्म झाला, शर्वीहून उंच झाला आणि हात सुटण्याची वाट बघत डुलू लागला. आबाजींच्या चेहऱ्यावर असं तेज शर्वीने कधी पाहिलं नव्हतं. खोकल्याची उबळ दाबत ते म्हणाले, "सोड बेटा. तुझ्या हाताने सोड."

शर्वीने दोरी सोडली. फुगा सरसर वर गेला. त्याच्यामागे कागदी छत्री आणि तिच्याखाली ते कपाएवढं यंत्र. आईच्या हातातल्या पडद्यावर आकडे येऊ लागले. अर्धा किलोमीटर. एक. दोन. आबाजी प्रत्येक आकडा पुटपुटत होते.

तीन किलोमीटरच्या जरा वर आकडा थबकला. मग उतरू लागला.

"हे काय?" आई म्हणाली.

आबाजींनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ ती खाली घेतली नाही. "फुटला," ते हळूच म्हणाले. "फार लवकर फुटला."

तुरीच्या एका शेतात यंत्र सापडलं. छत्रीने त्याला सुखरूप उतरवलं होतं. फुग्याच्या चिंध्या तुरीच्या शेंगांत अडकल्या होत्या. आबाजींनी एक चिंधी सोडवून उन्हात धरली. जिथे फुगा दोरीवर दुमडलेला होता, नेमक्या त्याच ओळीत बारीक भेगा होत्या. शेजारी शेजारी, कंगव्याच्या दातांसारख्या.

 त्या भेगा शर्वीने ओळखल्या.

"ओझोन," आबाजी म्हणाले. "पण माझ्या खोलीत ओझोन आला कुठून?" त्यांनी वळून शर्वीकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. खरोखरच काही न उमगलेल्या माणसाची ती नजर होती आणि म्हणूनच शर्वीला ती सहन होईना.

तिने सगळं सांगितलं. दुपारचा फुंकर, 'अतितीव्र', चट् चट् आवाज, न धुतलेल्या पाट्या, थंडीने तुटली असं वाटलेली रबरं.

"आणि वास?" आबाजींनी विचारलं. "वीज पडल्यावर येतो तसा वास येत होता का?"

"हो. मला तो फार आवडायचा."

आबाजी बांधावर बसले. "मला फक्त एवढंच सांगितलं असतंस बेटा. त्या वासामागे मी चाळीस वर्षं फिरलो. आणि माझ्याच उशाशी तो येत होता."

ते घरी परतले. दारातून आत शिरताच फुंकर म्हणाला, "घरातली हवा उत्तम आहे."

आबाजींनी त्याला बंद केलं, सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि त्याचं पोट उघडलं. पाट्यांवर काळ्या धुळीची साय जमली होती. तारांवरही धुळीची पुटं चढली होती.

"तो खोटं बोलला," शर्वी रडवेली होऊन म्हणाली.

"नाही. त्याला फक्त धूळ मोजता येते. धूळ कमी होती, म्हणून त्याने उत्तम म्हटलं. जे त्याला मोजायला शिकवलंच नाही, ते त्याला कसं दिसणार? आता नीट ऐक. मी आधीच सांगायला हवं होतं, ते आज सांगतो."

शर्वी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"हवेतला प्राणवायू जोडीने राहतो. त्याचे दोन अणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) हातात हात घालून असतात. तारेवरच्या विजेने काही जोड्या फुटतात आणि अणू एकटे पडतात; तारा आणि पाट्या धुळीने माखल्या की चट् चट् ठिणग्या उडतात आणि असे एकटे अणू आणखी वाढतात. एकटा अणू स्वस्थ बसत नाही. तो दुसऱ्याच एखाद्या जोडीला जाऊन चिकटतो. दोघांच्या बाकावर तिसरा येऊन दाटीवाटीने बसला, तर कसं होईल?"

"तो पडेल. नाहीतर दुसरीकडे जागा शोधेल."

"अगदी बरोबर. तीन अणूंच्या या वायूला ओझोन म्हणतात. त्यातला तिसरा अणू कायम सुटायच्या बेतात असतो. समोर जे येईल त्याला तो जाऊन झोंबतो. ताणलेल्या किंवा दुमडलेल्या रबराला झोंबला की रबर भेगाळतं. असा भेगाळलेला फुगा वर गेला की काय होतं? वर हवा विरळ, बाहेरचा दाब कमी, म्हणून फुगा फुगत जातो. फुगला की भेगा रुंदावतात."

"आणि माणसाला झोंबला तर?" शर्वीने विचारलं, पण उत्तर तिला कळून चुकलं होतं.

आबाजी म्हणाले, "घसा खवखवतो. छातीत जळजळतं. खोकला येतो."

म्हणजे आबाजी खोकत होते, म्हणून ती फुंकर लावत होती. आणि फुंकर लावत होती, म्हणून आबाजी जास्त खोकत होते. शर्वीने तोंड ओंजळीत लपवलं.

"पण ओझोन चांगला असतो ना?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं. "शाळेत शिकवलंय, ओझोन पृथ्वीची छत्री आहे."

"आहेच. जमिनीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटरांवर तो सूर्याचे अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे, कातडी भाजणारे किरण) अडवतो. तिथे तो नसता तर आपण जगलो नसतो. तोच वायू. पण तिथे त्याला कोणी नाकात ओढून घेत नाही. चुलीतला विस्तव चुलीत असला तर भाकरी होते, पदरात पडला तर?"

आईने स्वयंपाकघरातून पाणी आणून दिलं. ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा. लहान आहे ती. तुमच्यासाठीच केलं तिने. काही हरकत नाही म्हणा."

आबाजींनी पेला खाली ठेवला. "हरकत आहे सायली. धुरांडं दोन दिवसांनी विझेल. आजची वरची हवा पुन्हा कोणालाही मोजता येणार नाही, कधीच. हरकत नाही म्हटलं तर मी तिच्याशी खोटं बोललो असं होईल." मग ते शर्वीकडे वळले. "पण चूक तुझी एकटीची नाही. मी तुला नियम सांगितला आणि कारण उद्यावर टाकलं. कारण ठाऊक नसलेला नियम माणूस कुठवर पाळणार? तुला चार वाक्यं सांगायला मला फुरसत नव्हती. याची हळहळ मला फुग्यापेक्षा जास्त आहे."

शर्वीला वाटलं, त्यांनी रागावायला हवं होतं. राग निवळला असता. हे निवळणारं नव्हतं.

"आणखी एक," आबाजी म्हणाले. "तुझी रबरं थंडीने तुटली म्हणालीस. सगळ्यांत थंड जागा कोणती?"

शर्वी उठली आणि गच्चीवर गेली. पहाटेच्या दंवात, रात्रीच्या गारठ्यात राहिलेलं ते रबर खिळ्यावर जसंच्या तसं होतं. तिने ते ताणून पाहिलं. ते तुटलं नाही. उत्तर इतके दिवस इथे होतं आणि ती जिना चढून बघायला आली नव्हती. ती तिथेच कठड्याला टेकून खूप वेळ बसून राहिली.

त्या दिवसापासून घराची रीत बदलली. शर्वीने पाट्या आणि तारा घासून पुसून लख्ख केल्या आणि फुंकरचा 'अतितीव्र' वेग आबाजींनी कायमचा काढून टाकला. त्याच्या पोटात ओझोन मोजणारा एक छोटा संवेदक (हवेतला बदल टिपणारं उपकरण) बसवला. ओझोन वाढला की फुंकर आपणहून तारांची वीज तोडायचा आणि नव्याने बसवलेल्या कागदी चाळणीतून हवा गाळायचा. आबाजींच्या खोलीत तर फक्त चाळणीचंच यंत्र ठेवलं. वारा पडलेला असेल आणि बाहेर धूळ कमी असेल, तेव्हा खिडक्या उघडायच्या हेही ठरलं, कारण घरात माणसांच्या श्वासांनी साचलेली हवा कुठलीच पाटी आणि कुठलीच चाळणी ताजी करू शकत नाही. आबाजींचा खोकला ओसरू लागला. पण छातीत बसलेली घरघर पुरती गेली नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात वेळ लागेल. शर्वी रोज सकाळी दाराशी उभी राहून ती घरघर ऐकायची.

यंत्राने पाठवलेले आकडे घेऊन आबाजींनी आलेख काढला. जमिनीपासून एक रेष वर चढत गेली आणि तीन किलोमीटरांच्या जरा वर थांबली. पुढचा सगळा कागद कोरा. आबाजींनी तो तसाच भिंतीला लावला. शर्वीला वाटलं होतं, ते कागदाचा वरचा भाग कापून टाकतील. त्यांनी कापला नाही.

ठरल्या दिवशी धुरांडं विझलं. गाव गच्च्यांवर जमलं. धुराची शेवटची रेघ पातळ झाली, विरली आणि नुसतं धुरांडं उरलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी ढोल आणला. शर्वी टाळ्या वाजवू शकली नाही.

"आबाजी, वरची हवा खरंच नाही का आता मोजता येणार?"

"परवाची? नाही."

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. तिळगूळ वाटून झाल्यावर शर्वी गच्चीवर आली. सगळं आभाळ पतंगांनी भरलं होतं. ती बघत राहिली आणि एकदम धावत खाली गेली.

"आबाजी, आपली रेष तीन किलोमीटरांपर्यंत आहे ना? म्हणजे तिथपर्यंतची आधीची हवा आपल्याला माहीत आहे."

"आहे."

"मग तिथपर्यंतची नंतरची मोजली, तर दोन्ही ताडून बघता येतील! यंत्र चांगलं आहे. फुगा नसला म्हणून काय झालं? मोठा पतंग करू. त्याला रबर लागत नाही."

आबाजी तिच्याकडे बघतच राहिले. "पतंग तीन किलोमीटर जाणार नाही बेटा. तीन-चारशे मीटर गेला तरी पुष्कळ."

"तेवढंच मोजू. आपण श्वास घेतो ती हवा तर त्याहून खालीच असते."

पुढचे काही दिवस घरात बांबूच्या कामट्या, जुनं छत्रीचं कापड आणि मजबूत दोरा यांचा पसारा होता. या वेळी आबाजी प्रत्येक गोष्ट करताना कारण सांगत होते, शेपूट कशाला, गाठ इथेच का. शर्वी विचारत होती आणि ते हातातलं काम थांबवून उत्तर देत होते. पतंग शर्वीहून मोठा झाला. पतंग एवढ्या उंच सोडायची परवानगी आईने काढून आणली.

मैदानात वारा चांगला होता. पहिल्यांदा पतंग कोसळला. दुसऱ्यांदा त्याने हवा धरली आणि यंत्राला घेऊन तो वर चढू लागला. दोर शर्वीच्या हातमोज्यांतून सरकत होता, ओढ तिच्या खांद्यांपर्यंत जाणवत होती. आबाजी खुर्चीत बसून पडद्यावरचे आकडे वाचत होते. मध्येच खोकले, थांबले, पुन्हा वाचू लागले.

"काय म्हणतंय?" शर्वीने ओरडून विचारलं. "कमी झाली का धूळ?"

"थोडी. अगदी थोडी. ती वाऱ्यामुळेही असेल. एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच म्हणता येत नाही."

"मग?"

"मग उद्या पुन्हा. परवा पुन्हा. वर्षभर."

शर्वीने पाय घट्ट रोवले आणि दोराला आणखी ढील दिली.